गुडघ्याखालचा फोटो

कार्ल्सरूहेच्या माझ्या घरमालकिणीच्या भाच्याने मला फसवले. तो पुरातत्त्वाचा डॉक्टर, दुसऱ्या गावच्या विद्यापीठात असिस्टंट. मी कोल्हापूरकडचा पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा. फाउंड्रीत झाडू मारता मारता काम शिकलो आणि एकोणीसशे साठच्या आसपास ट्रेनिंगसाठी जर्मनीत पोचलो. ही फसवणूक पैशाची नव्हती. पैशात मला अजून कोणी फसवलेले नाही.

भाचा रविवारी मावशीकडे केक खायला यायचा. एकदा मी मालकिणीची मोडकी खुर्ची सांधत होतो. माझा हात बघून त्याने विचारले, "ऑलिम्पियाचे लाकडी मॉडेल कराल का? प्रदर्शनासाठी हवे आहे."

ऑलिम्पिया म्हणजे काय, ते त्यानेच सांगितले. ग्रीसमधले झ्यूस देवाचे प्राचीन क्षेत्र. दर चार वर्षांनी देवाचा उत्सव, आणि उत्सवात शर्यती, कुस्त्या. मला ते लगेच पटले. आमच्याकडे देवाची जत्रा आणि कुस्त्यांचा फड वेगळे काढताच येत नाहीत.

"मोबदला काय घ्याल?"

"पैसे नकोत. मॉडेलखाली पाटी लागेल, तिच्यावर माझे नाव. तुमच्या नावाएवढ्या अक्षरात."

"आल्झो... म्हणजे, थोडे लहान चालेल?"

"नाही."

मालकीण कॉफी ओतत होती. भाच्याला म्हणाली, "याच्याशी घासाघीस करू नकोस रे. बाजारातली बटाटेवाली याला लांबून बघितले तरी तागडी झाकून ठेवते."

तो हसला आणि त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. आमच्या दोघांच्या हातांवर मालकिणीने आपला हात ठेवला आणि म्हणाली, "झाले. मी साक्षीदार."

हिवाळाभर मी कामावरून आल्यावर तळघरात बसून देवळे, खांब आणि स्टेडियमचे उतार कोरले. शिवाय त्याला एक खऱ्या मापाची वस्तू हवी होती. धावपटू जिथून सुटत ती दगडी पट्टी. तिच्यात वीतभर अंतराने दोन लांब खाचा असतात. मी ती ओकच्या लाकडात केली. डॉक्टर बुटांसकट तिच्यावर उभा राहिला, वाकला, एक पाय मागे टाकून बघितला. काही जमेना.

"खाचा पाणी वाहून जायला असाव्यात," तो म्हणाला.

"पाण्याला एक खाच पुरते. दोन कशाला पाडतील? बूट काढा."

"इथे? या थंडीत?"

मी माझे बूटमोजे काढले. आमच्या जत्रेत अनवाणी पळायच्या शर्यती लागत. सुटायच्या रेघेवर पोरे टाचेने मातीत दोन खळगे पाडत, एक पुढे, एक वीतभर मागे. पायांची बोटे त्यात रोवायची, उभ्यानेच पुढे झुकायचे आणि इशारा होताच उसळायचे. मी लाकडी पट्टीवर तसाच उभा राहिलो. बोटे खाचांत घट्ट बसली.

डॉक्टर "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' असे ओरडत कॅमेरा आणायला जिना चढला.

जगात हे कुणाला आधी ठाऊक असेलही. मी शोध लावला असे माझे म्हणणे नाही. पण त्याला ठाऊक नव्हते, आणि माझे पाय बघून कळले, एवढे खरे.

वसंतात प्रदर्शन उघडले. मी नवा कोट घालून मालकिणीबरोबर गेलो. पाटीवर डॉक्टरचे नाव होते. खाली लिहिले होते, "बांधणी : विद्यार्थी कार्यशाळा." माहितीपुस्तिकेत पानभर फोटो होता. खाचांत रोवलेले दोन अनवाणी पाय, गुडघ्यापासून वरचा माणूस कापलेला. डाव्या अंगठ्याचे नख काळे. फाउंड्रीत त्याच्यावर लोखंडी पेटी पडली होती. खाली ओळ होती, "सुटण्याच्या पवित्र्याची फेरमांडणी", आणि पुन्हा डॉक्टरचे नाव.

"हे पाय कोणाचे?" मी विचारले.

"हो, हो, तुमचे. पण शास्त्रात पाय कोणाचे याला महत्त्व नसते."

"आणि पाटी?"

"ती प्राध्यापकांनी ठरवली. तुम्ही काही लिहून घेतले होते का?"

मी असा ओरडलो की पहारेकरी धावत आला. "तुमच्या मावशीला विचारा! तिने हात ठेवला होता!"

मालकिणीने पर्स उघडली, रुमाल शोधला आणि नाक पुसले. एक शब्द बोलली नाही.

घरी येताना ट्राममध्ये मी स्वतःलाच शिव्या घातल्या. गावाकडे सख्ख्या चुलत्याकडूनही मी सही घेतल्याशिवाय फळी उचलत नसे. आणि इथे गोऱ्या माणसाचा शब्द म्हणून कागद मागितला नाही. इथे ट्राम मिनिटावर येते, म्हणून माणसाचा शब्दही तसाच येईल, असे मी धरून चाललो. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

भाच्यावरचा राग काही वर्षांनी निवळला. तो लबाड होता, पण त्याने मला शिकवलेही पुष्कळ. त्याच्याच पुस्तिकेत मी वाचले की ऑलिम्पियात खेळाडू झ्यूसच्या मूर्तीपुढे शपथ घेत, कसलीही लबाडी करणार नाही म्हणून. आणि एकटे खेळाडू नव्हेत. त्यांचे बाप आणि भाऊही शेजारी उभे राहून तीच शपथ घेत. आपल्या माणसाच्या लबाडीची जबाबदारी घरच्यांवरही असते, हे त्या लोकांना कळले होते. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात भाचा नाही, मालकीण आहे.

बाई, मी तुमच्या घरी तीन वर्षे राहिलो. आजारी पडलो तेव्हा तुम्ही सूप करून दिलेत, ते मी विसरलेलो नाही. दर नाताळाला तुमचे कार्ड येते, तब्येतीची चौकशी असते, हवेची माहिती असते. मला हवेची माहिती नको. आमच्या हातांवर तुम्ही हात ठेवला होता की नव्हता? ठेवला होता, तर त्या दिवशी गप्प का राहिलात? यंदाच्या कार्डावर तेवढेच लिहा.