केतकीच्या बसायच्या जागा

केतकीला परत आणायला मी मिरजेहून निजामुद्दीनच्या गाडीत बसले, तेव्हा पिशवीत भडंगाचे दोन मोठे पुडे होते आणि डोक्यात फारसं काही नव्हतं. हे जाऊन आठ महिने झाले होते. केतकी आमची एकुलती एक. दिल्लीत इतिहासात एम. ए. करते. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तिने भरून ठेवला होता आणि त्यावर पालक म्हणून माझी सही हवी होती. सोमवारी अर्ज द्यायचा, मंगळवारी दोघींनी निघायचं, असं ठरलं होतं. मी नको म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिची खोली मी झाडून ठेवूनच निघाले होते.

केतकी निजामुद्दीनला घ्यायला आली होती. तिथून मेट्रो, मध्ये एकदा गाडी बदलून. विद्यापीठाचं स्टेशन जमिनीखाली आहे. जिना चढून वर आलो आणि पहिल्यांदा दिसली ती झाडं. दिल्ली म्हणजे धूर आणि दगड अशी माझी समजूत होती. इथे रुंद, सावलीचे रस्ते, फेब्रुवारी संपत आल्याने फुललेली सावर, आणि तिच्या जाड लाल फुलांवरून सायकली नेणारी मुलं.

"लाल किल्ला बघायचा की कुतुबमिनार?" केतकीने विचारलं.

"तू कुठे बसतेस ते दाखव," मी म्हटलं.

तिने माझ्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याला चालायला लागेल."

त्याच दुपारी आम्ही रिजवर गेलो. रिज म्हणजे अरवलीचं दिल्लीत शिरलेलं शेवटचं टोक. सह्याद्री बघितलेला माणूस याला टेकडी म्हणतानाही विचार करील. पण वर्ग सुटल्यावर दहा मिनिटांत जंगलात शिरता येतं, ही चैन आपल्याकडच्या किती कॉलेजांत आहे? फाटकाशी तिचा मित्र थांबला होता. समीर शेख, परभणीचा, जवळच मुखर्जीनगरला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा.

"काकू, तो पुडा आत टाका," त्याने नमस्काराच्या आधी सांगितलं. "इथली माकडं कस्टमवाली आहेत. उघडून बघितल्याशिवाय सोडत नाहीत."

मी पुडा पदराखाली घेतला. सव्वीस वर्षं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईला माकडापासून भडंग सांभाळता येईल, असं मला वाटलं. वळणावर काहीतरी खांद्याला घासून गेलं आणि पुडा समोरच्या भिंतीवर पोचला. माकडाने तो शांतपणे फाडला, मूठभर तोंडात घातलं, लसूण-तिखटाने दोनदा शिंकलं, आमच्याकडे तक्रारीने बघितलं आणि दुसरी मूठ भरली.

"बिल्कुल आपल्याकडचं आहे," समीर म्हणाला. "नाक गळतंय, पण सोडवत नाही."

केतकी कठड्याला टेकून हसत होती. ते हसणं ऐकून किती दिवस झाले, ते मी मोजलं नाही.

वर एक गोल, जाडजूड बुरूज आहे. सत्तावन्नच्या उठावात इंग्रज बायकामुलं मेरठहून मदत येईल म्हणून तिथे वाट बघत बसली होती, आणि मदत आली नाही. केतकी हे सांगताना हातवारे करत होती, अगदी ह्यांच्यासारखे. "सगळे इंग्रजांचं लिहितात. पण त्यांचे खानसामे, आया, भिश्ती त्या दिवशी कुठे होते? तेच मला शोधायचंय." मग हे सगळं आपण सोडून जाणार आहोत, हे तिच्या लक्षात आलं आणि ती पायऱ्यांकडे वळली. बुरुजाच्या पायरीवर एक गुळगुळीत झालेला कोपरा होता. ही तिची पहिली जागा.

शनिवारी मजनू का टीला. यमुनेच्या काठाला तिबेटी लोकांची ही वस्ती. मोठ्या रस्त्यावरचा पूल ओलांडून आत शिरलं की गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने दुकानात शिरायचं. वर रंगीत पताका, खाली लोकरी टोप्या, चांदीची कानातली, वाफाळत्या मोमोंची पातेली. एका टपरीसमोर मुलं बुटक्या स्टुलांवर बसून लाफिंग (मुगाच्या सत्त्वाची थंड, लिबलिबीत पोळी, तिखट तेल लावून गुंडाळलेली) खात होती.

"आंटी, तीखा कम?" टपरीवाल्या बाईने विचारलं.

"सांगली जिल्हा है, दीदी," समीर हिंदीत म्हणाला, "पूरा डालो."

पुरं घातलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि कोणी काही विचारलं नाही, हे मला आवडलं.

मठाच्या चौकात म्हातारी माणसं उन्हात माळा ओढत बसली होती. तिथल्याच एका बाकावर आम्ही टेकलो. चौकातला निवांतपणा मी कुठल्याही वाचनालयात अनुभवलेला नाही. आवाज होते, पण कोणी कोणाला गप्प करत नव्हतं.

"संध्याकाळी इथे अजून छान वाटतं, काकू," समीर म्हणाला. "सगळे येतात. ही सोडून. हिचा आठचा गजर वाजतो ना."

"कसला गजर?"

"समीर," केतकी म्हणाली. पण तो बोलून गेला होता.

"रोज साडेसातला उठून पळते. कुठेही असू दे, बारिश असू दे. आठ वाजता मेसच्या टेबलावर फोन पेल्याला टेकवून बसते. तुमच्यासोबत जेवायला."

खरं होतं. हे गेल्यापासून रोज आठ वाजता आम्ही दोघी फोन समोर ठेवून जेवत होतो. एकही दिवस चुकला नव्हता. समीर चहा आणायच्या निमित्ताने उठला.

"मला वाटायचं तू मेसमध्ये एकटी जेवतेस," मी म्हटलं. "म्हणून मी फोन लावायचे. माझं तर नऊशिवाय पोटही तयार नसतं."

केतकी बाकावरच माझ्याकडे वळली. "आई, मला वाटायचं मी नसले तर तू ताटच घेणार नाहीस."

आठ महिने आम्ही एकमेकींना भरवत होतो, आणि दोघींनाही भूक नव्हती. मला हसू येईना, रडूही येईना. समोरची म्हातारी माळेचा पुढचा मणी ओढत होती.

"तरी मी येणारच आहे," केतकी म्हणाली. "सही कर."

तेवढ्यात समीर चहा घेऊन आला आणि सही राहिली. ती यावी असं मला वाटत होतं, अजूनही वाटत होतं. सही करणं फार सोपं होतं.

रविवारी तिने मला दर्यागंजच्या पुस्तकबाजारात नेलं. पूर्वी तो फुटपाथवर भरायचा, आता कुंपण घातलेल्या मैदानात भरतो. जमिनीवर चादरी, चादरींवर ढीग, ढिगांत गुडघ्यापर्यंत रुतलेले विद्यार्थी. जन्मभर पुस्तकं क्रमांकाने लावलेल्या माझ्यासारखीला आधी घाबरायला झालं. हृदयरोगावर पाककृती, पाककृतींवर कायदा. मग मी वाकले. समासात कोणाच्या तरी बाळबोध अक्षरातली नोंद दिसली, ती वाचली. दुसरं उचललं, तिसरं. एका विक्रेत्याशी बांधणीवरून वाद घातला. त्याने मला खुर्ची दिली आणि मग वाद पुढे चालला.

केतकी शोधत आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. "आई, दोन तास झाले. फोन तरी उचल."

दोन तास. त्या दोन तासांत मला तिची आठवण झाली नव्हती. ह्यांचीही नाही. हे लक्षात आल्यावर आधी अपराधी वाटलं, आणि नंतर, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, बरं वाटलं.

"तो अर्ज दाखव," मी म्हटलं. तो तिच्या पाठपिशवीतच होता. 'कारण' या रकान्यात तिने इंग्रजीत लिहिलं होतं, की आई एकटी राहू शकत नाही.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "याखाली मी सही करणार नाही."

"मग दुसरं काय लिहू?"

"काही लिहू नकोस. त्या खानसाम्यांना शोध."

ती पुस्तकांच्या ढिगाशेजारीच खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. विक्रेत्याने दुसरीकडे बघत पुस्तकांवरची धूळ झटकली.

सोमवारी ती वर्गाला गेली. मंगळवारी निजामुद्दीनला माझं सामान बर्थखाली लावून उभी राहिली. गाडी हलायला अवकाश होता आणि तिला वर्ग होता. गाडी हलेपर्यंत थांबायचं असतं, ही आमच्या घरची रीत. तरी मीच तिला जा म्हटलं. पुलाच्या पायऱ्या ती दोन-दोन करत चढली.

मुलांच्या फीच्या तारखा आपल्याला पाठ असतात. वर्ग सुटल्यावर ती कुठल्या पायरीवर टेकतात, ते विचारायचं राहून जातं. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी एकदा जाऊन यावं. किल्ले नंतर बघावेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेला उतरले. न्यायला कोणी येणार नव्हतं. रिक्षात बसले. "कुठं जायचं, ताई?" रिक्षावाल्याने विचारलं. इतकी वर्षं पत्ता सांगायचं काम ह्यांचं. मी नुसती आत बसायचे. जरा थांबून मी गल्ली सांगितली, खूण सांगितली, आणि पुढचं वळणही दाखवलं.