‘सापडले आहे’चे तीन मालक

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या दैनिकाला तीन मालक झाले. पण कचेरीत कुणी नुसतं ‘मालक’ म्हटलं, की ते ज्यांनी पेपर काढला त्यांच्याबद्दलच असायचं. दुसऱ्यांना आम्ही ‘द्राक्षवाले’ म्हणायचो. तिसऱ्यांना कधी पाहिलंच नाही, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न आला नाही.

मी लागले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. नाशिकात रविवार कारंजाजवळच्या एका बोळात खाली छापखाना आणि वर कचेरी. मालकांचा मूळ धंदा लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका छापायचा. पेपर त्यांनी हौसेनं काढला होता. मला घेतलं मुद्रितं तपासायला, आणि लवकरच पाचवं पान गळ्यात मारलं, कारण ते कुणालाच नको होतं. पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, गणेश मंडळाची नवी कार्यकारिणी, कळवणच्या शाळेचं स्नेहसंमेलन, आणि खाली कोपऱ्यात ‘सापडले आहे’. ते सदर फुकट होतं. गावात कुणाला काही सापडलं की तो माणूस ते पोलीस चौकीत न नेता आमच्याकडे आणायचा. चौकीत आधी आपलंच नाव-गाव सांगत बसावं लागतं; आमच्याकडे मालक आधी चहा सांगायचे.

जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी कपाट होतं. त्यात छत्र्या, जेवणाचे डबे, चष्मे, द्राक्षं कापायच्या कात्र्या, शाळेची दप्तरं. एकदा तर एका पायाची चप्पल आली. ती आणून देणाऱ्याला मी विचारलं, “अहो, एक चप्पल हरवलेला माणूस ती शोधत इथे कसा येईल?” तो म्हणाला, “रिक्षानं येईल.”

या सदराचा मालकांनी घालून दिलेला एकच नियम होता: अर्धंच छापायचं. ‘छत्री सापडली’ एवढंच. रंग कोणता, मूठ कसली, ते आपल्या पोटात ठेवायचं. जो न्यायला येईल त्यानं उरलेलं सांगायचं. सांगितलं, की वस्तू हातात. सही नाही, अर्ज नाही. “खूण पटली ना? मग माणसाला आणखी किती छळायचं,” असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटला. मग कवळीचा दिवस आला. कुणीतरी गोदाघाटावर सापडलेली कवळी आणून दिली. आम्ही ‘कवळी सापडली’ असं छापलं आणि दोन म्हातारे एकदमच हजर झाले. आता कवळीची खूण काय सांगणार? दोघेही म्हणाले, दातांची आहे. मालकांनी कवळी उकळत्या पाण्यातून काढली, समोर ठेवली आणि म्हणाले, “घालून बघा.” ज्याला बसली तो हसला, आणि त्याच्या हसण्याबरोबर सगळी कचेरी हसली. दुसऱ्या आजोबांना मालकांनी आपल्या खर्चानं दंतवैद्याकडे पाठवलं. असा आमचा पेपर चालायचा. तो फायद्यात कसा येणार, तुम्हीच सांगा.

मग बाहेरच्या शहरांतली मोठी दैनिकं नाशिकात उतरली. त्यांची पानं रंगीत, आणि वर्षाची वर्गणी भरली की बादली, पिशवी, प्लास्टिकची खुर्ची. आमचे जुने वाचक रस्त्यात भेटून सांगायचे, “पेपर तुमचाच चांगला हो, पण त्यांनी खुर्ची दिली.” मला इतका संताप यायचा! मालक मात्र म्हणायचे, “बसू दे की, पाय दुखत असतील.” असं बोलत बोलतच एक दिवस त्यांनी पेपर विकला. सगळ्यांना वर बोलावलं, पेढे वाटले आणि सांगितलं, “माणसं तीच राहतील, पानं तीच राहतील.” मी पेढा तोंडात न घालता कागदात गुंडाळून ठेवला. रडायचं नव्हतं म्हणून चेहरा करडा केला, तर ते म्हणाले, “एवढी रागावू नकोस गं.” रागावले होतेच.

घेणारे द्राक्षवाले. त्यांची द्राक्षं परदेशात जायची आणि त्यांना स्वतःला विधानसभेत जायचं होतं. म्हणून रोज पहिल्या पानावर त्यांचा फोटो: फीत कापताना, कुदळ मारताना, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवताना. पाचवं पान त्यांनी कधी उघडलं असेल असं वाटत नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. कपाट जागेवर राहिलं, अर्ध्याचा नियमही राहिला. निवडणूक झाली, ते पडले, आणि पेपर त्यांना नकोसा झाला. दोन हजार साल उलटल्यावर त्यांनी तो एका मोठ्या समूहाला देऊन टाकला.

समूहाची दैनिकं गावोगाव होती. कचेरी कॉलेज रोडकडे काचेच्या इमारतीत गेली. पानांचे साचे मुख्य कार्यालयातून यायचे. आम्ही त्यात मजकूर ओतायचा. वर एक तरुण साहेब आले. माणूस वाईट नव्हता हे मला कबूल करायला हवं. मला कुणी चहा विचारला नाही तर तेच विचारायचे. पण त्यांना सगळं समजून घ्यायच्या आधी सुधारायची घाई असायची. ‘सापडले आहे’ वाचून त्यांनी मला बोलावलं.

“मॅडम, ही अर्धवट माहिती कशी चालेल? वाचकाला पूर्ण माहिती मिळाली पाहिजे.”

मी समजावलं. कवळीची गोष्टसुद्धा सांगितली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, “पूर्ण वर्णन छापू. छापलेल्या वर्णनाशी जुळलं, की रिसेप्शनवरून वस्तू द्यायची. सोपं आहे.” अहो, छापलेलं वाचूनच तर माणूस येणार! मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. उपयोग शून्य.

तेव्हा मालक सत्तरी ओलांडलेले होते. विकून इतकी वर्षं झाली तरी रोज सकाळी ते कचेरीत येत. रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून तांबड्या पेन्सिलीनं अंकातल्या चुका काढत आणि तो अंक माझ्याकडे पाठवत. नवी मंडळी त्यांना कुणाचे तरी वडील समजायची. मला ते सोफ्यावर दिसले, की दिवस बरा जाणार असं वाटे.

तर त्या दिवसांत एका रिक्षावाल्यानं लाल फडक्यात बांधलेले तान्ह्या बाळाचे चांदीचे वाळे आणून दिले. नवीन नियमाप्रमाणे सगळं छापलं: वाळे, चांदीचे, घुंगरांचे, लाल फडक्यात, सीबीएस बसस्थानकाजवळ रिक्षात. त्याच दिवशी अंबडच्या कारखान्यातला एक कामगार पहिली पाळी संपवून आला, सगळी खूण सांगितली आणि वाळे घेऊन गेला. मी तेव्हा वर होते. मला कळलं तेव्हा वाटलं, बरं झालं, पोहोचले.

आठवड्यानं इगतपुरीकडची एक बाई आली. डोक्यावरून पदर, हातात जावयानं कापून दिलेलं कात्रण. रिसेप्शनच्या मुलीनं मला खाली बोलावलं.

“ताई, माझं वाळं हायत ना तुमच्याकडं?” ती म्हणाली. “लेकीला पोरगी झाली. बारशाला घेऊन निगाले व्हते. रिक्षात ऱ्हायलं.”

मी म्हटलं, “मावशी, खूण काय?”

“माझ्या आईचं हायत. म्या घातलं, माझ्या लेकीनं घातलं. एक वाळा तुटला व्हता, तं सोनारानं आतून तांब्याचा जोड मारलाय. चांदीला पैसं नव्हतं तवा.” मग माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. “कुनी नेलं का?”

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तांब्याचा जोड कुणी पाहिलाच नव्हता. चांदी काळवंडली होती, आणि वर्णन ‘पूर्ण’ झालं म्हणून आणखी बघायची कुणाला गरज वाटली नव्हती. तिला खरं सांगितलं. ती ओरडली नाही. सोफ्याच्या टोकाला टेकली आणि म्हणाली, “बारसं तं झालं. पर पोरीच्या पायात आजीचं काय तरी पायजे व्हतं.” शेजारी मालक बसले होते. त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली.

नेणाऱ्याचा पत्ता घेतलेला नव्हता. साहेबांकडे गेले. ते घाबरलेच, आणि घाबरल्यावर त्यांनी सगळ्यात सोपं ते केलं: मुख्य कार्यालयाशी बोलून सदरच बंद करून टाकलं. “आपण या भानगडीत पडायलाच नको, मॅडम.” मी खुलासा छापायचा म्हटलं, तर पाचव्या पानाच्या साच्यात आता तेवढी जागाच नव्हती म्हणे. तिथे राशिभविष्य मोठं होणार होतं.

एक चौकट मात्र अजून आमच्या हातात होती. ‘शहरात आज’. कीर्तनं, व्याख्यानं, रक्तदान शिबिरं. मी त्यात शेवटी एक ओळ घातली: ‘आमच्याकडून बाळाचे वाळे नेणाऱ्यांनी कृपया ते एकदा आतून पाहावेत.’ बस्. काय पाहायचं, ते लिहिलं नाही. मालकांना दाखवलं, तर त्यांनी पेन्सिल न लावता कागद परत दिला. मग मी वाट बघत बसले. माणूस लबाड असला तर येणार नव्हताच. आणि लबाड नसला तरी, एवढी बारीक ओळ आता कोण वाचतं, अशी धास्ती होती. त्या मावशींचे वाळे आणि आमच्या पेपरची उरलीसुरली अब्रू, दोन्ही त्या ओळीला टांगलेली होती.

तो आला. बायकोला घेऊन, ड्युटीचे कपडे तसेच. लाल फडकं त्यानं टेबलावर ठेवलं आणि मान खाली घातली. बोलली ती त्याची बायको.

“मॅडम, आमचेपण असेच रिक्षात राहिले होते. हे घरी आणल्यावर मी म्हटलं, आपले एवढे जाड नव्हते. तर हे म्हणाले, पेपरात छापून आलंय म्हणजे आपलेच. आज ती ओळ वाचली आणि आत बघितलं, तर तांबं.”

मावशी जाताना जावयाच्या दुकानाचा नंबर देऊन गेल्या होत्या; मी तिथे फोन केला आणि मावशींना बोलावून घेतलं. ती दोघं थांबून राहिली. जा म्हटलं तरी जाईनात. मावशी आल्या. वाळे हातात घेतले, अंगठा आतून फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवायचं काही कारण नव्हतं. मग त्यांनी त्या बाईकडे पाहिलं आणि सोफ्यावर बसलेल्या मालकांना म्हणाल्या, “मालक, आता या पोरीचं बी छापा की. तिचं अजून घावलं नाय.”

त्यांना ‘मालक’ म्हणायचं हे मावशींना कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारा माणूस इतक्या निवांत बसलाय म्हणजे तोच मालक, एवढाच त्यांचा हिशोब. मला वाटलं ते सांगतील, मी नव्हे. त्यांनी सांगितलं नाही. मलाच बोलावं लागलं, “मावशी, ते छापणं बंद झालं.”

“मंग हारवल्यालं आता इचारायचं कुठं?” त्यांनी मालकांनाच विचारलं.

मालकांनी तांबडी पेन्सिल खिशात घातली. थोड्या वेळानं ती तिघं एकत्रच बाहेर पडली. मी मालकांना हात देऊन पायऱ्या उतरवल्या. रिक्षाला हात करायच्या आधी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “विकलं ना, तेव्हा मला वाटलं, मी नुसतं मशीन विकतोय.”