गेटाबाहेरचा बांगडा

बातमीदाराचे एक वाईट असते. जे छापून आले ते दोन दिवसांत विसरायला होते, आणि जे कोणी छापले नाही ते डोक्यात मुक्काम ठोकून बसते. आमच्या मिशन हायस्कूलच्या अकरावीची चार टाळकी कुठेही भेटू देत, मालवणच्या एस्टी स्टँडवर किंवा मुंबईत कोणाच्या लग्नात, पाच मिनिटांत फादरांचा विषय निघतोच. मग एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो, दुसरा तिसऱ्याला. माणसे पोट धरून हसतात.

मी मात्र अजून चिडतो. कारण हे सगळे किस्से एकाच आठवड्यातले आहेत, आमच्या सेन्ड-ऑफच्या. आणि तो पूर्ण आठवडा बाबलची परीक्षेची रिसीट फादरांनी अडकवून ठेवली होती.

*

साल साठच्या आसपासचे. अकरावी म्हणजे मॅट्रिक. फादर बेंजामिन आमचे प्रिन्सिपॉल, मंगळूरकडचे. मराठी पुस्तकावरून शिकलेले, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. पांढरा झगा, झग्याच्या खिशात तपकिरीची डबी, हातात लाल पेन्सिल. त्यांचे नियम दोन. आवारात मालवणी बोलणाऱ्याने मैदानाला एक फेरी मारायची. आणि साडेदहाला गेट बंद! एक मिनिट उशीर झाला की पहिले दोन तास बाहेर उभे.

बाबल रापणकऱ्याचा मुलगा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. ते ओढायला सगळी वाडी लागते, आणि बाबलचे दोन हात त्यात धरलेलेच असत. मासळी बेताची लागली तर हा वेळेवर यायचा. भरपूर लागली की गेटाबाहेर! त्याच्या वाडीतून मॅट्रिकला बसणारा तो पहिला.

वर्गाच्या भित्तिपत्रकाचा मजकूर माझा आणि अक्षर बाबलचे. तसले मोत्यासारखे अक्षर स्टाफरूममध्येही कोणाला नव्हते. शेवटचा अंक होता, शाळेचा निरोप जरा थट्टेने घ्यावा म्हणून मी लिहिले: ‘शुक्रवारी फादर मांस खात नाहीत. म्हणून दर शुक्रवारी बांगडा साडेदहाच्या आत गेटातून आत येतो. तो ओढणारा साडेदहानंतर येतो आणि बाहेर राहतो. आमच्या शाळेत बांगड्याची हजेरी विद्यार्थ्यांपेक्षा चांगली आहे!’

मधल्या सुट्टीत सगळी शाळा फळ्यापुढे लोटली. सुट्टी संपायच्या आत कागद फळ्यावरून गेला आणि बाबलला बोलावणे आले.

“अक्षर कोणाचे?”

“माझे, फादर.”

“मजकूर कोणाचा?”

बाबल बोटांवरची शाई सदऱ्याला पुसत राहिला.

“लेखकाचे नाव कळेपर्यंत तुझी रिसीट माझ्याकडे राहील.”

रिसीट म्हणजे आजचे हॉल तिकीट. ती नसेल तर मालवणच्या केंद्रावर दारातूनच परत. आणि परीक्षा पंधरा दिवसांवर!

मी तसाच ऑफिसकडे निघालो. बाबलने मनगट धरले. “जाव नको. तुझो बापूस मास्तर आसा. तुझी रिसीट अडाकली तर तो फादरांच्या पायां पडात. माझो बापूस पडाचो नाय. आणि माझी गेली तर रापण आसाच, ती खंय पळान जाता?”

हे तो हसत म्हणाला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

*

दुसऱ्या दिवशी बाबलला न सांगता मी ऑफिसात गेलोच. आवाज चढवून म्हणालो, “फादर, तो लेख मी लिहिला.”

फादरांनी चिमूटभर तपकीर ओढली. मग कपाटातून चाचणी परीक्षेचे पेपर काढले, माझा शोधला, आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवला.

“मराठीत तुला किती गुण आहेत?”

“शंभरात पस्तीस, फादर.”

“हा लेख पस्तीस गुणांच्या मुलाचा नाही. मित्रासाठी खोटे बोलतोस, हे चांगले. पण खोटे ते खोटेच. जा.”

पुढे उभ्या आयुष्यात माझ्यावर दोन अब्रुनुकसानीचे खटले झाले, एका पुढाऱ्याने भर सभेत मला भाडोत्री म्हटले. पण खरे सांगूनही लेख तुझा नाहीच म्हणणारा संपादक मला दुसरा भेटला नाही!

*

शुक्रवार आला. बाबलची आई दर शुक्रवारी मासळीची पाटी घेऊन फादरांच्या स्वयंपाकघराच्या दारात जायची. आंतोन नावाचा स्वयंपाकी बांगडे निवडून घ्यायचा. त्या दिवशी दहा वाजले तरी बाई नाही. सव्वादहा झाले. आंतोन गेटापर्यंत येऊन पाहून गेला.

बरोबर साडेदहाला घंटा झाली, शिपायाने गेट लावले, आणि गेटाबाहेर पिंपळाखाली उभी असलेली बाबलची आई पुढे आली. गेटासमोर मधोमध पाटी ठेवून बसली.

आंतोन धावत आला. “अगो, आत ये! फादरांचो जेवणाचो टायम जाता!”

“माका उशीर झालो,” ती म्हणाली. “उशीर झालो की भायर बसाचा, असो तुमचो नेम आसा मा? माझो झील बाबल भायर रवता, तशी माझी पाटी पण भायर.”

“अगो पण शुक्रवार आसा!”

“माका म्हायत आसा शुक्रवार आसा. म्हणानच बसलंय.”

बाराला तिने पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराची वाट धरली. आम्ही खिडकीतून पाहत होतो, कोणाला हसू येईना. बाई गेली ती आमच्या भल्यासाठी की वाइटासाठी, काही कळत नव्हते. आता फादर चिडले तर रिसीट कायमची गेली!

फादर त्या दिवशी डाळ-भात आणि आंब्याचे लोणचे जेवले. आंतोन सांगत होता, “एक शब्द काढूक नाय. फकत लोणचा दोनदा घेतल्यानी.”

*

मग मला अक्कल सुचली. म्हणजे तेव्हा मला ती अक्कल वाटली.

आमच्या वर्गात पास्कू होता, ख्रिस्ती, दर शनिवारी चर्चमध्ये कन्फेशनला जाणारा. जाळीच्या पलीकडे फादर बसतात, अलीकडे माणूस गुडघ्यावर बसून आपली पापे सांगतो. मी विचार केला, ऑफिसातले फादरांना खोटे वाटते, पण कन्फेशनमध्ये कोण खोटे बोलेल? पास्कूला म्हटले, “तू तिथे माझे नाव सांग, लेख याचाच म्हणून. तुझे ऐकतील.”

शनिवारी आम्ही वर्गातले चौघे चर्चच्या भिंतीला टेकून उभे. पास्कू आत. पाच मिनिटे झाली, दहा झाली. बाहेर आला तो कान लाल.

“सांगलंस?”

“सांगलंय.”

“मग?”

“फादर म्हणाले, हंय आपली पापां सांगूची आसतत, दुसऱ्याची नाय. दुसऱ्याची सांगूची ह्या पण एक पाप. धा हेल मेरी घातल्यानी माका! लेख तुझो आणि प्रार्थना माझी!”

“पण त्यांना पटले ना?”

“पटला काय नाय पटला, काय उपेग?” पास्कू म्हणाला. “थंय कानार पडलेला फादरांका भायर वापरूक जमाचा नाय. जीव गेलो तरी नाय. तसो कायदोच आसा!”

हे आम्हा बाकीच्यांना ठाऊकच नव्हते! म्हणजे आता फादरांना नाव कळले होते, आणि कळूनही ते कळलेले नव्हते. पुढे मंत्र्यांच्या केबिनमध्ये ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ असे कोणी म्हणाले की मला पास्कूचे लाल कान आठवतात. मंत्र्यांचे ऑफ द रेकॉर्ड संध्याकाळपर्यंत गावभर होते. फादरांचे तसे होणार नव्हते, आणि बाबलची रिसीट त्यातच अडकली होती.

*

सोमवारी सेन्ड-ऑफच्या फिशपाँडांचा डबा तपासायला गेला. फिशपाँड म्हणजे चिठ्ठ्या, एकेकाची खोडी काढणाऱ्या, सगळ्यांसमोर वाचायच्या. आमच्या फादरांची लाल पेन्सिल त्याच्यावरही फिरायची. निरोपाच्या थट्टेलाही सेन्सॉर! मी चरफडत राहिलो.

गणिताच्या सरांच्या टोपीवरची चिठ्ठी कापली. ड्रिल मास्तरांच्या पोटावरची कापली. शिक्षकांवरच्या सगळ्या कापल्या. एकच शिल्लक ठेवली, ती खुद्द फादरांवरची. मीच टाकलेली, डाव्या हाताने लिहून: ‘शाळेचे घड्याळ चर्चच्या घड्याळाच्या दोन मिनिटे पुढे असते, म्हणजे देवालासुद्धा गेटाबाहेर उभे करता येते!’

ती परत आली तेव्हा तिच्यावर लाल पेन्सिलीने एकच दुरुस्ती होती. ‘दोन’ खोडून ‘तीन’ केले होते.

वर्ग खो खो हसला. मी नाही हसलो. चूक माहीत असून घड्याळ मागे न घेणाऱ्या माणसाचा विनोद मला आजही कळत नाही.

*

सेन्ड-ऑफला आम्ही दशावतारी नाटक करणार होतो. फादर म्हणाले, “संहिता आणा.”

“दशावतारात संहिता नसते, फादर. उभे राहायचे आणि बोलायचे.”

“मग मी तपासू काय?”

फादरांनी एक कोरा कागद घेतला, खाली ‘पाहिले’ असे लिहून सही केली आणि मला दिला. “आणि भाषा?” त्यांनी विचारले.

“विष्णू शुद्ध बोलतो, फादर. संकासुर मालवणीतच बोलतो. राक्षस आहे तो.”

“राक्षसाला फेरी माफ,” फादर म्हणाले.

*

सेन्ड-ऑफ बुधवारी दुपारी. रीत अशी की कार्यक्रम संपला की फादर एकेकाचे नाव घेऊन रिसीट हातात द्यायचे. बाबल तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या शुभ्र शर्टात. आई हॉलच्या दाराबाहेर, पाटी बाजूला ठेवून. आत ये म्हटले तर आली नाही.

संकासुर मी होतो. डोक्यापासून कमरेपर्यंत काळी खोळ, डोळ्यांना दोन भोके, पुढे लोंबणारी लांब लाल जीभ. विष्णू होता पास्कू, गळ्यातला क्रूस शेल्याच्या आत खोचून. गोष्ट सर्वांना ठाऊक असलेली: संकासुर वेद चोरून लपवतो आणि विष्णू ते सोडवतो.

पास्कू गरजला, “दुष्टा, वेद कोठे लपवलेस?”

त्याला ‘समुद्रात’ असे उत्तर अपेक्षित होते. मी म्हटले, “हाफिसात! ड्रावरात! चावी फादरांच्या खिशात!”

हॉल हसला, आणि मग सगळ्यांच्या माना फादरांकडे वळल्या. पास्कू आपले वाक्यच विसरला. पहिल्या रांगेत गणिताच्या सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

फादर उठले. सावकाश पायऱ्या चढून रंगमंचावर आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. खोळीच्या भोकांतून मला फक्त त्यांचा झगा दिसत होता. आत घामाने माझे डोळे चुरचुरत होते. माझी स्वतःची रिसीटही अजून त्यांच्याकडेच होती. कार्यक्रमाला आलेले माझे वडील दारात उभे आहेत, हेही मला ठाऊक होते.

फादर म्हणाले, “राक्षसा, तो लेख कोणी लिवलो?”

सात वर्षांत त्यांच्या तोंडून मालवणी शब्द कोणी ऐकला नव्हता. त्यांना ‘फेरी मारा’ म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

“मियां,” मी म्हटले.

“मोठ्यान.”

“मियां लिवलंय!”

“सगळ्यांनी ऐकला?” फादरांनी हॉलकडे वळून विचारले. “चर्चाच्या भायर, उजेडात, सगळ्यांनी ऐकला?”

“हो, फादर,” असे मागून कोणीतरी म्हणाले. मला वाटते ड्रिल मास्तर.

फादरांनी झग्याच्या खिशात हात घातला. चार घड्यांचा एक कागद काढून माझ्या हातात ठेवला. “जेची तेका दी.”

मी तसाच, जीभ लोंबत, पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेत गेलो. बाबलने कागद घेतला, पण उघडला नाही. दाराकडे पाहिले. त्याची आई तेव्हा कुठे उंबऱ्याच्या आत आली.

मग फादरांनी शिपायाला चावी दिली. तो ऑफिसात जाऊन ड्रॉवर उघडून बाकीच्या सगळ्या रिसिटींचा गठ्ठा घेऊन आला. करकरीत, एकही घडी नसलेल्या. माझे नाव सर्वांत शेवटी घेतले. माझ्या हातात रिसीट देताना फादर एवढेच म्हणाले, “छत्तीस!”

घरी जाताना किनाऱ्यावर बाबलने आपली रिसीट उघडून मला दाखवली. घड्या मऊ पडल्या होत्या, कोपरे झिजले होते, आणि कागदाला तपकिरीचा वास येत होता.