काटेकाकांची नवी खुर्ची

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काटेकाकांचं डोकं हल्ली संध्याकाळ झाली की दुखायला लागायचं. मानेतून कळ वर चढायची आणि कपाळाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. न्हावी म्हणाला, "अर्धशिशी!" शेजारीण म्हणाली, "सर्दी साचलीय." काकांनी मात्र मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता: डोळे गेले. आणि डोळे गेले की दुकानाला कुलूप.

म्हणूनच ते डॉक्टरांकडे जायला तयार नव्हते. शेवटी काकूच वैतागल्या. "रोज कपाळाला हात लावून बसता. लोकांना वाटेल, मीच छळते!" असं म्हणत त्या काकांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. काकांनी शेवटच्या ओळीसकट कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

"डोळे ठणठणीत आहेत. एकाच बाजूला ठणकतं? मळमळतं? उजेड नकोसा होतो?"

"नाही."

"मग अर्धशिशी वाटत नाही. नाक चोंदतं? वाकल्यावर चेहरा जड होतो?"

"नाक बासरीसारखं मोकळं आहे."

"जेवण चुकवता?"

"ही चुकवू देईल तर ना!"

"मग मानेच्या ताणामुळे दुखत असणार. कामाला कसे बसता, दाखवा बरं."

काका स्टुलावर बसून नसलेल्या घड्याळावर वाकले. हनुवटी थेट छातीला टेकली.

"अहो, असे कुठे बसायचात तुम्ही?" काकू म्हणाल्या. "टेबल छातीइतकं उंच, मान ताठ! नवी खुर्ची आली आणि तुम्ही वर गेलात, टेबल राहिलं खाली."

"खुर्चीला बोलायचं काम नाही!"

बाबांचे गुडघे दुखतात म्हणून लेकीनं पहिल्या पगारातून ती उंच, गुबगुबीत खुर्ची आणली होती. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गरकन फिरवून दाखवत. आता ती अडगळीत टाकायची? लेकीला काय वाटेल?

दुसऱ्या दिवशी काकांनी सुताराला बोलावून टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले. घड्याळ पुन्हा डोळ्यांसमोर आलं. हळूहळू डोकं दुखायचं थांबलं आणि संध्याकाळी काकांची शीळ ऐकू येऊ लागली.

रविवारी लेक दुकानात आली. "बाबा, टेबल एवढं उंच कसं झालं?"

"तुझी खुर्ची आल्यावर ते बसून कसं राहील?" काका म्हणाले. "मान द्यायला उभं राहिलं!"