वाकळीचं पोट

आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत वीत-वीतभर चौकोनी तुकडे निघाले. घरातलं कुठलंही कापड विरलं की त्यातली धड जागा हेरून ती तुकडा कापायची. तिच्या कात्रीला भिऊन आमच्या वडिलांनी शेवटची कैक वर्षं अंगातला सदरा सहसा काढलाच नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, त्या तुकड्यांची आपल्या हातची वाकळ पांघरायला द्यायची एवढाच तिचा बेत होता. कापून झालं आणि शिवायच्या आधी ती गेली.

ट्रंक माझ्याकडे राहिली. मी नुकताच फौजेतून सुटून वडूजजवळच्या आमच्या गावी आलो होतो. फौजेत ट्रंकेतली चिंधी म्हणजे पुसायची चिंधी. तेव्हा एका सकाळी मी मूठभर तुकडे काढून मोटरसायकलची चेन पुसत बसलो. चेन अशी चमकली की वरून जाणाऱ्या विमानाचे डोळे दिपले असतील. त्याच वेळी आक्का दारात आली. माझ्या हातात तिच्या लहानपणच्या परकराचा तुकडा होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दारातूनच वळली आणि आल्या एसटीनं कऱ्हाडला परत गेली. संध्याकाळपर्यंत तिनं घरातल्यांचा व्हॉट्सॅप ग्रुपही सोडला. मला कळायला लागल्यापासून आक्काचं एकही वाक्य ‘रं’ लावल्याशिवाय माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. काय रं, कवा आलास रं, मेलास का रं. ते सगळं बंद झालं. तीन वर्षं झाली. फोन केला की सून उचलायची आणि सासूबाई देवळात गेल्यात म्हणायची. एवढं देवळात बसली असती तर पुजाऱ्यानं तिलाच नारळ फोडला असता.

शेवटी मी ठरवलं, वाकळ शिवून न्यायची. घेतली तर घेतली, नाहीतर आपण आपल्या बहिणीला मुकलो. बायकोला म्हटलं, शिवून दे. ती जतकडची, तिच्या माहेरच्या बायका वाकळ शिवायला बसल्या की म्हणे त्यांना उठवायला पाहुणे बोलवावे लागतात. ती म्हणाली, “तुमी पुसलं, तुमीच शिवा.”

शिवली. खाली आईचं लुगडं, मध्ये वडिलांची धोतरं, वर तुकडे. फौजेत गुंडी लावायला शिकलो होतो, तेवढ्या शिक्षणावर पूर्ण वाकळ उभी केली. माझा धावदोरा इतका सरळ की तलाठ्यानं बांध आखायला न्यावा. बायकोनं बघितलं आणि नांगर बरा चाललाय म्हणाली. तेलकट तुकडे मी रिठ्यानं धुतले, सोड्यानं धुतले, शेवटी पेट्रोलनं धुतले. काळं काही गेलं नाही. टाकवत नव्हते, म्हणून पायगतीला लावले.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा बायको म्हणाली, वाकळ उपाशी शिवू नये. आमच्याकडची रीतच आहे. तोंड बंद करायच्या आधी भाकरीचा वाळका कुटका आत घालायचा, म्हणजे पांघरणाऱ्याला अन्न कमी पडत नाही. एवढं सांगून ती चुलीकडे गेली. तिनं तिथं थांबायला हवं होतं, कारण तो दिवस बेंदराचा होता. बैलांना पुरणपोळी आणि माझ्या आक्काला वाळका कुटका? मनाला पटेना. मी पोळी घेतली, वर तूप सोडलं, चौघडी केली आणि आत घातली. अर्धी नाही, आख्खी. माझा अपराधही काही अर्धा नव्हता. वर दुहेरी टाका घातला.

दोन दिवसांनी वाकळ मांडीवर घेऊन कऱ्हाडच्या एसटीत बसलो. पुसेसावळीच्या पुढं शेजारचा माणूस मांडी खाजवत उठला. मग पलीकडचा उठला. एरवी ज्या गाडीत पाय ठेवायला भांडण होतं, तिथं मला आख्खा बाक मोकळा मिळाला. मला वाटलं, फौजी ओळखून मान दिला.

आक्काच्या घरी गेलो. ती पलंगावर बसली होती. माझ्याकडे न बघता तिनं सुनेला सांगितलं, त्येला च्या घेणार का इचार. मी सुनेला म्हटलं, घेतो म्हणून सांग. आमच्या दोघांत दोन हातांचं अंतर आणि निरोप मात्र स्वयंपाकघराला वळसा घालून यायचा. च्या पिऊन मी वाकळ तिच्यापुढं ठेवली. तिनं हात लावला नाही. मी मनातल्या मनात परतीची गाडी धरली.

तेवढ्यात वाकळीच्या कोपऱ्यातून तांबड्या मुंग्या निघाल्या. आधी एक, मग रांग, मग खटाव तालुक्यातल्या होत्या-नव्हत्या तेवढ्या. पलंग रंगला. सुनेनं किंकाळी फोडली. आक्का मात्र उठली नाही. तिनं कोपरा नाकाला लावला, दातानं दोरा तोडला आणि आत बोटं घालून पोळीचा लगदा बाहेर काढला.

“वाकळीला पोळी कुणी घालतं व्हय रं?”

मला पोळीपेक्षा तो ‘रं’ आधी ऐकू आला. मी म्हटलं, “तूप बी हाय, आक्का.”

“दिसतंय. आणि ह्यो काळा कशाचा?”

“तुझा परकर. चेनचं तेल न्हाई गेलं. पेट्रोलनं धुतला.”

“म्हंजे मी आता पेट्रोल पांघरायचं?” ती म्हणाली. “गप बस. तिकडं बस. काडी वडू नगोस.”

मग वाकळ उन्हात झटकणं, मुंग्या वेचणं आणि शिव्या खाणं यात दुपार गेली. शिव्या तीन वर्षांच्या साठलेल्या होत्या, त्यामुळे तिनं घाई केली नाही. एकेक सावकाश दिली. मीही कुठलीच चुकवली नाही. सूर्य कलला तेव्हा तिनं सुनेकडून भाकरीचा कुटका मागवला, कोपऱ्यात सारला आणि सुई काढली. दोरा ओवायला गेली, पण तिला नेढं दिसेना. सून पुढं झाली. आक्कानं तिला हातानं बाजूला सारलं आणि सुई माझ्याकडे धरली.

मी पहिल्याच झटक्यात ओवली. सून म्हणते, नऊदा चुकलो. ती सून आहे, तिचं काय ऐकायचं.