जिनातली आसनं

चतुरामावशीला खोकला गिळता यायचा. हसू नका. अकोल्याच्या त्या कापसाच्या जिनात रेच्यावर कपाशी घालणाऱ्या प्रत्येक बाईला ही विद्या शिकावीच लागे. रेचा रुई आणि सरकी वेगळी करी, आणि बारीक तूस हवेत उडे. खोकणारी बाई मुकादम चंद्रभानला दिसली की तिचं काम गेलंच. मावशीला हे परवडणारं नव्हतं. तिचा नवरा, आमचे मोतीरामकाका, अंथरुणाला खिळलेले, घर तिच्याच रोजावर.

साठ-एकसष्टच्या हंगामात शेठजींना कामगारांच्या तब्येतीची आठवण झाली. त्यांनी योगासनं शिकवायला अमरावतीहून नत्थुजी मास्तरांना बोलावलं. भोंग्याआधी पुरुषांची आसनं अंगणात सुरू झाली. बायका मात्र तोंडाला पदर लावून भिंतीशी.

"गड्यायसमोर आमी पाय वर करू काय, मास्तर?" मावशीनं विचारलं.

मास्तर कानापर्यंत लाल झाले. मग बायकांचा वर्ग आत, रेच्यांच्या खोलीत भरू लागला. बायका अवघडू नयेत म्हणून ते दाराशी पाठमोरे उभे राहून शिकवत. आसनं नकोत, नुसता श्वास. "पोटभर घ्या! रोखा! सोडा!" रात्रपाळी नुकतीच सुटलेली असे, तूस अजून खाली बसलेलं नसे. आमच्या गुणी बायकांनी ते इमानानं पोटभर ओढलं.

एका सकाळी मावशीला खोकला गिळता आला नाही. ती खोकून खोकून दुमडली. मुकादम धावत आला.

"घरी जा बाई. उद्या येऊ नोको."

मास्तर पहिल्यांदाच वळले. झरोक्यातल्या उन्हात त्यांना तूस दिसलं, बायकांचे पांढरे झालेले केस दिसले. ते मुकादमाच्या आडवे आले.

"हिले कावून घालवता? मीच तूस खाऊ घातलं हिले. घालवाचं असन तं मले घालवा!"

तसेच ते शेठजींकडे गेले. तिथं काय झालं कोण जाणे, पण मावशीला अंगणात कपाशीतली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायचं काम मिळालं. बायकांचा वर्गही तट्ट्यांच्या आडोशाला, उघड्यावर आला. रेच्यांवरचं तूस काही हटलं नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

अंगणातल्या पहिल्याच दिवशी मावशीच्या छातीत खोकला दाटून आला. सवयीनं तिनं तोंडात पदर कोंबला. समोरून मास्तर येत होते.

"मास्तर," तिनं हळूच विचारलं, "अथी खोकलं तं चालते ना?"

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला.

"चालते माय. खोक."

आणि मावशी भर अंगणात, सगळ्यांदेखत, मोठ्यानं खोकली.