पहिल्या बाकावरचे चेहरे

सदर व्यक्ती स्त्री. वय साठीच्या पलीकडे, उंची मध्यम, अंगकाठी सडपातळ, केस पांढरे व घट्ट बांधलेले, चालचलन नाकासमोर. व्यवसाय : निवृत्त रसायन-शिक्षिका, उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर सहावी ते नववीच्या मुलांसाठी चालणाऱ्या प्रात्यक्षिक विज्ञान वर्गाची मार्गदर्शिका, उरलेले अकरा महिने कोणाची ना कोणाची मावशी. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर आम्लाचा जुना डाग. व्यसन : नाही. पूर्वीचा गुन्हा : नाही. ज्ञानेंद्रिये : पाचपैकी चार चालू.

यातली शेवटची नोंद कुठल्याही दप्तरी नव्हती. ती दोघांनाच ठाऊक होती : बाईंची थोरली बहीण आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी बाईंना एक ताप आला, आठवड्यात उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. बाईंनी आधी सर्दी समजून वाफ घेतली. मग चिडून वर्गाच्या सामानातली अमोनियाची बाटली काढली आणि सरळ नाकाशी धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास मात्र आला नाही.

"परत येईल ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आला तर येईल," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं घर मासळीबाजाराच्या मागेच ना? मग तक्रार कसली करताय!"

डॉक्टर स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले. तपासणी तिथे संपली.

घरात दोघीच. ताई विधवा, बाई अविवाहित. दोघींचं भांडण बालपणी सुरू झालेलं आणि अजून निकाली न लागलेलं. दूध करपलं की ताई ओरडायची, कचऱ्याचा डबा घाण मारायला लागला की ताई ओरडायची. त्यामुळे बाईंना घरातले सगळे वास हळूहळू आवाजाच्या रूपाने येऊ लागले. जेवणाची चवही वासाबरोबर बरीचशी गेली होती. गोड, खारट, मऊ, कुरकुरीत, गरम, गार एवढंच जिभेला कळायचं.

"तुला काय, कागद शिजवून वाढला तरी छान झालाय म्हणशील," ताई म्हणायची.

"कागद कच्चा राहिलाय का, एवढं सांगीन."

"वर्गात सांगून टाक एकदाचं. लहान मुलं असतात तिथे."

"मुलांची नाकं चांगली आहेत ताई."

"मुलांची नाकं मुलांसाठी असतात," ताई म्हणाली. बाईंनी विषय बदलला.

सांगायला हवं हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्यासमोर त्याच सुट्टीच्या वर्गातल्या भूगोलाच्या सरांचं उदाहरण होतं. सरांना ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा संचालकांनी त्यांना मोठ्या आदराने वर्गातून उचललं आणि नावनोंदणीच्या टेबलावर बसवलं, म्हणजे दिवसभर फक्त ऐकायचंच काम. पुढच्या वर्षी सर टेबलावरही नव्हते. बाईंचा वर्ग तर वासाचाच. 'ओळखा पाहू' असं त्या सत्राचं नाव होतं आणि मुलांची उडी सगळ्यात आधी त्याच्यावर पडायची. बाईंची खोली आपल्याला मिळावी म्हणून यंत्रमानव शिकवणारे एक तरुण सर टपलेलेच होते. तोंड उघडलं की खोली गेली. आणि खोली गेली की बाई बाराही महिने मावशी. शाळा सुटल्यावर माणसाला बाई म्हणणारं कोणी उरत नाही. वर्षातला तो एक महिना खोलीभर पोरं 'बाई, बाई' करून जीव खायची, आणि त्या जीव खाण्यावर बाई अकरा महिने काढायच्या. त्यांनी ओठ शिवून घेतले.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाली पूर्वी छापखाना होता, त्यामुळे जिन्याच्या भिंतींवर अजून शाईचे पंजे होते. खोलीत लांब दगडी टेबलं, प्रत्येक टेबलाला गॅसची तोटी, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं. पुढच्या टेबलावर काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांची रांग : व्हिनेगर, स्पिरिट, लवंगेचं तेल, डांबराच्या गोळ्या आणि सडक्या अंड्याचा वायू, ज्याच्यासाठी मुलं खरी यायची. वास एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पंखे बंद, बाहेर उडून जाऊ नयेत म्हणून खिडक्याही बंद.

"नाक खुपसायचं नाही," बाई सांगायच्या. "हाताने हवा स्वतःकडे ओढायची. अशी. नाक एकच मिळतं, जपून वापरा."

मुलं हसायची. बाई स्वतः आधी प्रत्येक बाटलीवरून हात फिरवून दाखवायच्या, पापण्या मिटून मान डोलवायच्या. अभिनय निर्दोष होता. पण धोक्याचं काय? अमोनिया डोळ्यांना तरी कळत होता. गॅस सुटला तर तो बाईंच्या कशालाच कळणार नव्हता. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता आणि शिक्षकाच्या मानाने तो हुशारीचा होता : पहिला बाक. ज्यांच्या पोटात काही राहत नाही आणि चेहऱ्यावर सगळं उमटतं अशी मुलं निवडून त्या पुढे बसवायच्या. काडी ओढण्याआधी सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. कोणी नाक मुरडलं की बाईंना वास आला. मागचा उन्हाळा त्यांनी असा निभावून नेला होता. एकदा तर एका मुलाच्या वाकड्या तोंडावरून गळकी नळी पकडली होती आणि संचालकांकडून शाबासकी घेतली होती.

या उन्हाळ्यात त्यांचं नाक म्हणजे आठवीतली एक मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिच्या चेहऱ्यावर एका मिनिटात इतकं काही होऊन जायचं की तिच्याकडे बघून दुसऱ्यांना दम लागायचा. व्हिनेगर नुसतं उघडलं तरी तिच्या भुवया केसांत जायच्या. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला बाकाच्या मधोमध बसवलं.

"मीच का पुढे, बाई?"

"तू मागे बसलीस तर पुढच्यांना मागे बघावं लागतं."

दुसऱ्या आठवड्यात कोणी पाहुणे भाषणाला आले. शास्त्रज्ञ कसा असावा, हा विषय. बाई त्या वेळी वर बाटल्या भरत होत्या. पाहुण्यांनी बराच वेळ बरंच सांगितलं. त्यातलं मुलांना एकच आठवलं : खरा शास्त्रज्ञ निर्विकार असतो, काहीही घडो, त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मुलांना उपदेश मिळाला की त्याचा खेळ व्हायला मधली सुट्टी पुरते.

"हलली! तुझी भुवई हलली! तू विकारी, बाद!"

"माशी बसली होती रे!"

"शास्त्रज्ञावर माशी बसली तरी शास्त्रज्ञ बसून राहतो."

भिंगरी पहिल्या दिवशी पाच वेळा बाद झाली. घरी आरशासमोर बसून तिने सराव केला. हे सगळं नंतर कळलं.

त्या सकाळी विषय होता, पदार्थ तापवला की वास का वाढतो. बाईंनी सगळ्या तोट्या हाताने तपासल्या. त्या बाबतीत त्या आता पूर्वीपेक्षाही काटेकोर होत्या. मग पुढच्या टेबलावरचा बर्नर बारीक आचेवर लावला आणि फळ्याकडे वळल्या. वर्गाचा शिपाई पिण्याच्या पाण्याची बरणी घेऊन आला, दार सताड उघडलं, वारा आत आला, शिपाई गेला, दार लागलं. खिडकीच्या काचेतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. तसल्या उजेडात बारीक निळी ज्योत असली काय नि नसली काय, सारखीच दिसते. ती आता नव्हती. तोटी मात्र चालू होती.

बाई फळ्यावर रेणू काढत होत्या, छोटे छोटे गोल, एकमेकांपासून दूर पळणारे. त्या मन लावून काढत होत्या.

गॅसचा वास आधी पहिल्या बाकाला आला. भिंगरीने शेजारच्या मुलाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तोही तिच्याकडे तसाच बघत होता. दोघांचेही चेहरे पाटीसारखे कोरे. आधी जो हलेल तो बाद.

बाई वळल्या. सवयीने पहिल्या बाकावरून नजर फिरवली, ती भिंगरीवर जरा जास्त वेळ थांबली. काही नाही. भुवई नाही, नाकपुडी नाही. बाईंना बरं वाटलं. इतकी शांत पोरं आज पहिल्यांदाच मिळाली होती.

"भिंगरे, ये पुढे. हातमोजे घाल. दुसरा बर्नर तू पेटव."

वर्गातर्फे प्रत्येक मुलाला सुरक्षेसाठी पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे मिळत. भिंगरीने ते घातले, काडेपेटी उचलली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाई हसल्या.

"लाव काडी."

भडका क्षणभरच होता. पण हातमोजा वितळून चिकटायला तेवढा पुरला. त्यानंतर बाईंनी एकही चूक केली नाही. मुख्य झडप बंद केली, मुलीचा हात बादलीत धरला, मुलांना ओळीने बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या. खोलीत जळल्याचा वास कोंदला होता, असं नंतर प्रत्येक मुलाने सांगितलं.

चौकशीला संचालक आणि एक अभियंता बसले. अभियंत्याने तोट्या, नळ्या, झडपा पाहिल्या. सगळं ठीक होतं.

"मग वास कसा आला नाही तुम्हाला?" त्याने विचारलं. "सर्दी होती का त्या दिवशी?"

"सर्दी नव्हती. मला वास येतच नाही. दोन वर्षं झाली."

संचालकांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, तुम्हाला धक्का बसलाय. पाणी घ्या."

"पाणी नको. लिहा."

"काय लिहू? वास न येणाऱ्या बाईंना आम्ही वासाचा वर्ग दिला, असं लिहू? पालक फाडून खातील आम्हाला."

"मी लपवलं, असं लिहा."

"तुम्ही लपवलं म्हणजे आम्ही तपासलं नाही. फिरून आमच्यावरच येतं की ते!"

"सर्दी बरी पडेल," अभियंता म्हणाला. "सर्दी कोणालाही होते."

संचालकांनी टोपण काढलं आणि सर्दी लिहिली. पुढचं वाक्य ते तोंडाने म्हणत लिहू लागले : "विद्यार्थिनीने उत्साहाच्या भरात..."

"मी सांगितलं तिला!" बाई उठून उभ्या राहिल्या. "लाव काडी, म्हणाले मी. सगळ्या वर्गाने ऐकलंय."

"मुलं घाबरलेली आहेत, त्यांना काय आठवणार? बसा बाई. तुमची इतक्या वर्षांची सेवा आहे. तुमचा वर्ग कुठे जात नाही, मी शब्द देतो."

ज्याच्यासाठी बाईंनी दोन वर्षं तोंड मिटून घेतलं होतं, ते त्यांना असं बसल्या जागी मिळालं.

तिथून त्या भिंगरीच्या घरी गेल्या. दार आईने उघडलं.

"आता काय राहिलंय?"

"तिला एक सांगायचंय. पाच मिनिटं."

मुलगी खाटेवर होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, उशीवर ठेवलेला, जसा काही दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिलाय. बाईंना बघून तीच आधी बोलली.

"सॉरी बाई. मला वास आला होता."

आई दारातच थांबली. मुलीला ती रोज विचारत होती, नाक कुठे ठेवलं होतंस, म्हणून. मुलगी रोज 'नाही आला' म्हणत होती.

"आम्ही निर्विकार खेळत होतो," मुलगी म्हणाली. तिने खेळ समजावून सांगितला, पाहुण्यांच्या भाषणापासून. "पण मी बोलणार होते, बाई, खरंच. मग तुम्ही वळलात. तुमचाही चेहरा हलला नव्हता. मला वाटलं, बाईंना तर आलाच असेल. म्हणजे तो प्रयोगातलाच असेल."

"मला आला नव्हता," बाई म्हणाल्या. "मला येतच नाही. कसलाच. ताप आला होता, तेव्हा गेला. तुझी काही चूक नाही, हे सांगायला आले."

"सडक्या अंड्याचापण नाही?"

"तोही नाही."

मुलीने विचार केला. "मग तुम्ही आमच्याकडे टक लावून का बघायचात?"

"वास घ्यायला."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. आता कोणी खेळत नव्हतं, तरीही नव्हतं.

"झालं तुमचं?" आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "निघा आता."

बाई घरी आल्या. ताईने ताट वाढलं. बाई जेवल्या आणि छान झालंय असं म्हणाल्या नाहीत.

अहवाल महिन्याभरात तयार झाला. त्यात म्हटलं होतं की उपकरणे निर्दोष आढळली. मार्गदर्शिकेस त्या दिवशी किरकोळ सर्दी होती. विद्यार्थिनीने उत्साहाच्या भरात, सूचनेची वाट न पाहता काडी ओढली. मार्गदर्शिकेने प्रसंगावधान राखून मोठी हानी टाळली, याची प्रशंसापूर्वक नोंद घेण्यात येत आहे. 'ओळखा पाहू' हे वर्गाचे सर्वाधिक लोकप्रिय सत्र असून ते त्याच खोलीत, त्याच मार्गदर्शिकेच्या अनुभवी देखरेखीखाली पुढेही चालू ठेवावे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या सत्राला एकाही मुलाचं नाव आलं नाही.